बाबांच्या पट्ट्याला नवं भोक

ग्वाल्हेर, रविवार, संध्याकाळ

आजारपणात बाबा इतके वाळले की पट्टा शेवटच्या भोकावरही ढिला. आणि उद्यापासून त्यांना गोरखीच्या जुन्या वाड्यापर्यंत फिरायला जायचंय! ढिल्या पट्ट्यानं जाववेल का? म्हणून खिशातल्या चाकूचा भोक पाडायचा टोचा प्रथमच उघडला. नुसता दाबला तर बोटावरच मिटतो. फिरवत नेला तर कातड्यात सुरेख उतरतो. पट्टा मात्र मी पोळपाटावर ठेवला होता. बायकोनं पाहिलं.

"अहो पंडितजी, पोळपाटावर चामडं? कुठल्या शास्त्रात?"

"आपद्धर्म," म्हणालो. पोळपाट मलाच घासावा लागला. पण टोचा उत्तम, यात वाद नाही.

पट्ट्याचं टोक फार लोंबत होतं, ते कापायला घेतलं तर बाबा ओरडले, "रहने दे रे! मला पुन्हा जाड व्हायचंय."

कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज चढला.