सातव्या थांब्यावरची रांग

नाकामेगुरो, आठ नोव्हेंबर, रविवार

ती. हिसानो मावशी,

तिकडे त्सुरुओकाला वळचणीला मुळे टांगून झाले असतील, आणि टांगताना "गाठ अशी नाही, अशी" म्हणून तू आईला दोनदा तरी रडवलं असशील, असं धरून चालते. इकडे नदीकाठची झाडं लाल झालीत आणि त्यांच्याखालून माणसांपेक्षा चांगले कपडे घातलेली कुत्री फिरतायत. (झालं ऋतूचं. ऋतूवर दोन ओळी न लिहिता कुणी मुद्द्यावर आलं की तू पत्र तिथंच खाली ठेवतेस, हे मला माहीत आहे.) गुडघे कसे आहेत? गरम पाण्याच्या कुंडात रोज बसतेस ना? की तिथल्या बायकांना त्यांच्या विळ्यांची धार किती भिकार आहे ते सांगत काठावरच बसतेस? आईला नमस्कार सांग, पण हे पत्र तिला वाचून दाखवू नकोस. दाखवायचंच असेल तर कुत्र्याच्या बाबागाडीपर्यंत वाच आणि पुढे खोकला काढ.

आधी कामाचं. कुझुमाकीकाकांनी दिलेला कागद सोबत जोडलाय. तू दुकान सोडत असल्याचा. त्यावर सहीच्या जागी तुझा शिक्का उमटवून महिनाअखेरपर्यंत परत पाठवायचा, म्हणजे डिसेंबरपासून खाली सुगंधी मेणबत्त्या विकल्या जातील. वरची खोली माझ्याकडेच राहील, असं काका म्हणाले. (काका एकाच टोपीखाली घरमालकही आहेत आणि दुकानदार मंडळाचे अध्यक्षही, त्यामुळे ते म्हणाले म्हणजे दोघं म्हणाले.) तुझं त्रेचाळीस वर्षांचं सुऱ्यांना धार लावायचं दुकान एका पानात संपतं, मावशी. मी तीनदा वाचलं. दुसऱ्या बाजूला काहीच नाही.

आता मंडळानं मला काम दिलं होतं ते सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं. आपल्याकडे पाहुणे येतात, पुलावर उभे राहून नदीचा फोटो काढतात आणि निघून जातात, हे काकांना बघवत नाही. म्हणून "आपलं आपण फिरा" असा एक नकाशा काढायचा ठरलं. अकरा थांबे, प्रत्येक थांब्यावर एक रबरी शिक्का, अकराही शिक्के गोळा केले की मंडळाची कापडी पिशवी. लिहायचं मी, कारण गल्लीत लेखिका म्हणवून घेणारी मीच एक. (माझं आतापर्यंतचं छापील साहित्य म्हणजे ती एक कथा, जिच्यात एकही विरामचिन्ह नव्हतं. ती वाचून तू मला पेन दिलं होतंस आणि म्हणाली होतीस, "यातून पूर्णविराम येतात का बघ.") तर आपल्या गल्ल्यांना नावं नाहीत आणि घरांचे नंबर ज्या क्रमानं घरं बांधली त्या क्रमानं, म्हणजे चारच्या शेजारी सतरा. मग रस्ता सांगायचा कसा? मला वाटलं, वासांनी सांगावा, आवाजांनी सांगावा! पहिली ओळच अशी लिहिली: "स्टेशनातून बाहेर पडा. भाजलेल्या कॉफीचा वास जिथं संपेल तिथं डावीकडे वळा." काकांनी ती वाचली, दातांतून हवा आत ओढली (ते असं करतात तेव्हा "नाही" म्हणायचं असतं, हे तुला सांगायला नको), आणि म्हणाले, "सुरेख आहे. आता तूच चालून दाखव, पोरी. एक अक्षर इकडचं तिकडे न करता. मग छापू."

म्हणून काल सकाळी स्वतःच्याच गल्लीत पाहुणी होऊन निघाले. मावशी, कॉफीचा वास संपेचना. तू गेल्यापासून इथं पाच नवी कॉफीची दुकानं झालीत, त्यातल्या दोनांत बसायलाही जागा नाही, नुसता वास आहे. मी सरळ चालत राहिले. नदी गेली, चढ आला, चढ गेला, एक पेट्रोल पंप आला, आणि अखेर वास संपला तेव्हा मी भलत्याच वॉर्डात होते. डावीकडे वळले तर समोर पोलीस चौकी. हवालदारानं अदबीनं विचारलं, कुठं जायचंय. म्हटलं, नाकामेगुरोला. कुठून आलात? नाकामेगुरोहून. त्यानं माझा नकाशा मागितला, उभं राहून शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, "हे कुणी लिहिलंय हो?" मी म्हटलं, माहीत नाही. (साहित्याशी मी केलेली ही पहिली गद्दारी.) मग त्यानं मागच्या बाजूला पेन्सिलीनं पाच बाण काढून दिले. बारा मिनिटांत परत आले.

बाकीच्या थांब्यांचं थोडक्यात सांगते. दुसऱ्या थांब्यावर एकच खुर्ची मांडलेलं दुकान आहे. दमून तिच्यात बसले. ती विकायची होती, आणि दुकानदार बिचारा मी उठेपर्यंत शेजारी उभा राहून "बसा, बसा" म्हणत घाम पुसत होता. चौथ्या थांब्यावर तीन शर्टांचं दुकान. तिथली लाकडी जमीन इतकी लखलखीत की मी दारात बूट काढले. माझ्यामागून येणाऱ्या दोघींनी माझे बूट पाहिले नि आपलेही काढले. त्यांच्यामागच्यानंही काढले. शेवटी दुकानात बूट घातलेली एकटी विक्रेतीच उरली. तिनं एकदा सगळ्यांच्या पायमोज्यांकडे पाहिलं, "माफ करा हं" म्हणून वाकली आणि स्वतःचेही काढले. आता तिथं दारात बुटांसाठी रॅक ठेवलाय, मी आज पाहिला. हा प्रसंग लक्षात ठेव, पुढं लागेल.

सातवा थांबा तू होतीस. होतीस म्हणजे, मी तसा लिहिला होता: लाल दार, दगडावर पाण्याचा थेंब, सुरीचा आवाज. काका म्हणाले, काढून टाक, बंद दुकानात शिक्का कुठं ठेवणार? मी काढला. पण सहाव्याहून आठव्याला जायला आपल्याच दारावरून जावं लागतं, त्याला मी काय करू? पान उलटायला म्हणून आपल्या दारासमोर उभी राहिले. पाटी तू उलटी करून गेलीस तशीच आहे. मला तो फेब्रुवारीचा आठवडा आठवला. सहा दिवसांत एकच गिऱ्हाईक आलं, आणि त्यानं विचारलं, "इथं ओट्सचं दूध मिळेल का?" तू शांतपणे दगड पुसलास, पाटी फिरवलीस आणि म्हणालीस, या लोकांना कापायचं काही उरलेलंच नाही. एरवी तू मंडळाच्या नोटिसा कशा "वाचायचीस" तेही आठवलं. सुरीला धार लावून झाली की नोटीस हवेत धरायची आणि वरून खाली एका रेघेत फाडायची. कागद कुरकुरला तर सुरी परत दगडावर. काकांची एकही नोटीस तुझ्या हातून अखंड सुटली नाही.

तर मी अशी उभी, आणि मागून कुणीतरी हळूच विचारलं, "रांग इथूनच ना?" वळून बघते तर एक बाई, बाबागाडी घेऊन. बाबागाडीत कुत्रं, त्याला विणलेला स्वेटर. (नाव मोनाका. कुत्र्याचं. बाईंचं नाव तिनं सांगितलं नाही.) मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात तिच्यामागं एक जोडपं येऊन उभं राहिलं, त्यांच्यामागं एक दाढीवाला. आता तूच सांग, चार माणसं आपल्यामागं शिस्तीत उभी असताना पहिल्या माणसानं "मी सहज उभी होते" म्हणून कसं निघून जायचं? त्यांची केवढी पंचाईत! मी उभी राहिले. दहा मिनिटांत रांग कोपऱ्यावरून वळली. मागचा पुढच्याला विचारी, काय मिळतं हो इथं? पुढचा सांगे, आत गेल्यावर कळतं म्हणे. बाबागाडीवाली तर एव्हाना जुनी जाणकार झाली होती. "पाटीच नाही लावत ते," ती मागच्यांना सांगत होती, "इतकं प्रसिद्ध आहे." मग तिनं मला विचारलं, "तुम्ही पहिल्या म्हणजे पहाटेच आला असाल. कधीपासून थांबलायत?"

आणि मावशी, माझ्या तोंडून निघून गेलं, "फेब्रुवारीपासून."

दाढीवाल्यानं टोपी काढली. कुणीतरी मला यंत्रातून गरम चहाचा डबा आणून दिला.

तेवढ्यात काका आले. आता संपलं सगळं, असं मला वाटलं. पण काकांनी काय केलं असेल? रांग शेजारच्या दाराला अडथळा करत होती. ते त्यांना सहनच होईना. एक शब्द न विचारता ते धावत गेले, खोक्याचा पुठ्ठा फाडून आणला, त्यावर ठळक अक्षरांत "रांगेचं शेपूट इथे" लिहिलं आणि शेवटच्या माणसाच्या हातात दिलं. मग दोन्ही हात पसरून, "एक पाऊल भिंतीकडे, आभारी आहे, एक पाऊल भिंतीकडे" करत कोपऱ्यापासून माझ्यापर्यंत पोचले आणि तेव्हा कुठं कानाशी येऊन म्हणाले, "पोरी, आत कोण आहे?"

मी म्हटलं, "कुणी नाही."

"मग हे लोक?"

"चांगले आहेत."

काकांनी दातांतून इतकी हवा ओढली की मोनाका भुंकला. आणि तेवढ्यात रांगेतून सहाव्या नंबरचे आजोबा पुढं आले. तुझे मुतो आजोबा, ईल माशांच्या खाणावळीतले, आता निवृत्त. छातीशी फडक्यात गुंडाळलेली सुरी. म्हणाले, फेब्रुवारीपासून चारदा येऊन परत गेलो, आज खिडकीतून रांग दिसली, वाटलं हिसानोबाई आल्या, चपला उलट्यासुलट्या घालून पळत आलो. खरंच, डावी उजव्यात होती. "आल्यात ना?" त्यांनी विचारलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी काकांकडे. चाळीस माणसं आम्हा दोघांकडे.

पुढचं मी केलं. नकाशाच्या रद्द प्रती पिशवीत होत्याच, त्यांचे तुकडे केले, मागं नंबर घातले आणि लिहिलं: "तेवीस नोव्हेंबर, सुट्टीच्या दिवशी, सकाळी दहा. घरातली बोथट सुरी आणावी." आणि वाटायला लागले. काकांनी माझ्या हातात नंबरची चिठ्ठी आणि समोर रांग पाहिली मात्र, सवयीनं खिशातून मंडळाचा शिक्का काढला. एकेका चिठ्ठीवर ठप्प, ठप्प, दोन्ही हातांनी देणं, वाकून आभार. एकेचाळीस वेळा! मधे त्यांनी चिठ्ठी वाचली असती तर वाचली असती, पण वाचली ती शेवटची दिल्यावर. तोवर लोक खूश होऊन निघाले होते. (बाबागाडीवाली जाताना म्हणाली, "माझ्याकडे बोथट सुरी आहे का तेच आठवत नाही, पण घेते एक.") काका बराच वेळ उलट्या पाटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "शिक्का तर पडला." आणि थोड्या वेळानं, "तो कागद पोस्टात टाकलास का?" मी म्हटलं, उद्या रविवार आहे, निवांत पत्र लिहून टाकते.

तर हे असं आहे. मी तुला ये म्हणत नाहीये. तू ठरवलंस म्हणजे ठरवलंस, हे आईही सांगते नि तुझे गुडघेही सांगतात. तेवीसला मी दारात उभी राहून सगळ्यांची माफी मागेन, चाळीसदा वाकेन, माझ्या कमरेला व्यायाम होईल. फक्त मुतो आजोबांना काय सांगायचं तेवढं कळव.

गुडघ्यांना जप. मुळ्याचं लोणचं झालं की पाठव.

तुझी,
चिहारु

ता. क. त्सुरुओकाहून बावीसला निघालीस तर दुपारची गाडी बरी, खिडकीची जागा मिळते. हे आपलं सहज लिहिलं.

ता. क. २. पान उलटायला म्हणून आपल्या दारासमोर थांबले, असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. सातवा थांबा मी काढला, पण सहाव्याच्या शेवटी एक ओळ घातली: "पुढं जाण्याआधी लाल दारासमोर उभं राहून शंभरपर्यंत आकडे मोजा." काकांच्या लक्षात आलेलं नाही. नकाशा मंगळवारी छापायला जातोय, पाच हजार प्रती. म्हणजे तू आलीस काय, न आलीस काय, रांग लागतच राहणार. ती हटवायला तरी कुणीतरी जिभेला धार असलेलं माणूस लागेल.

ता. क. ३. पाकिटात कागद शोधू नकोस. "सोबत जोडलाय" लिहिलं तेव्हा जोडला होता, नंतर काढून घेतला. तुझ्या दगडाखाली ठेवलाय. असं आहे की पहिल्या नंबरची चिठ्ठी माझी आहे. तू गेल्यापासून माझी सुरी टोमॅटो कापत नाही, त्याची समजूत घालत बसते. तेवीसला सगळ्यांत आधी तिला धार लावशील, आणि मग ती हवेत चालवून बघायला तुला कागद लागेलच. हा बरा आहे. एकपानी आहे, जाडही आहे, कुरकुरला तर लगेच कळेल.