दुधात बुडवलेले हात

मंगळवार, ३

आणि वर मामा मलाच म्हणतो — "तंबाखूनं माणूस मरेल, भाचेराव, टोमॅटो कसा मरेल?"

रोज तेच! पॉलीहाऊसच्या दारात दुधाचं घमेलं ठेवलंय. आत जाताना हात बुडवायचे, प्रत्येक ओळ संपली की परत बुडवायचे, कात्रीसुद्धा. तंबाखूच्या पानातला रोग बोटांना चिकटतो, बोटांवरून टोमॅटोला लागतो, दुधानं त्याचा जोर जातो — रोग-किडीचं बघणाऱ्या चष्मेवाल्या मॅडमनी चारदा सांगितलं. मामा शहाण्यासारखा हात बुडवतो. आणि ओळीच्या मध्यावर पोचला की खिशातून तंबाखूची चिमूट काढून गालात सारतो. मला डोळा मारतो!

गुरुवार, ५

पिवळ्या चिकट कागदांवरची पांढरी माशी मोजून मान आखडली. माशी वाढली तरी मॅडम लगेच फवारत नाहीत, डबीतून बारके किडे सोडतात. ते माशीची पिल्लं खातात. मामा म्हणाला, "बघ, किड्यांनासुद्धा खाणं-राहणं फुकट. आपलंच नशीब फुटकं."

रविवार, ८

लागलाच रोग! मामाच्या ओळीत. पानं फिकट-गडद ठिपक्यांची, शेंडा दोऱ्यासारखा बारीक. मॅडमनी झाडं पिशवीत बांधून नेली, शेजारची चांगली दिसणारीसुद्धा उपटली. मी विचारलं, पंप आणू का? "याला फवारा नाही रे. उपटायचं आणि हात स्वच्छ ठेवायचे."

ती झाडं एवढीशी रोपं होती तेव्हापासून मीच दोरीवर चढवली होती.

बुधवार, ११

पुढच्या ओळीतही. मुकादम ओरडला — "कुणाच्या हातचं आहे ते शोधणार, आणि त्याच दिवशी घरच्या गाडीत बसवणार!" सगळ्यांनी खाली बघितलं. मामानंही.

मला इथं आणलं त्यानं. याच मुकादमाच्या मागे लागून. पहिला पगार होईपर्यंत त्याच्याच ताटात जेवलो. घरी मामी आणि दोन पोरी, सगळ्या त्याच्या पगारावर. आई फोनवर म्हणते, "मामाकडे लक्ष दे, तो कुणाचं ऐकत नाही." माझं कशाला ऐकेल मग!

गप्प बसलो तर सगळं पॉलीहाऊस उपटणार, म्हणजे आम्ही सगळेच घरी. बोललो तर तो एकटा.

नको वाटतंय सगळं.

शुक्रवार, १३

सकाळी हात जोडले. "मामा, निदान आत तरी नको." तर म्हणाला, "चार वर्षं आहे मी इथं. काल आलास तू."

दुपारी मॅडमकडे गेलो. मुकादमाकडे नाही. सगळं सांगितलं, आणि म्हटलं, त्याला घालवू नका, बाहेर तण काढायला लावा. पॉलीहाऊसच्या भोवतीचं तण तसंही काढायचंच आहे, पांढरी माशी तिथंच वाढते आणि आत येते. बाहेर त्यानं काय हवं ते खावं.

मॅडम म्हणाल्या, "मुकादमाला मी सांभाळते. पण तणाची मजुरी कमी आहे."

मी म्हटलं चालेल. दुसऱ्याच्या मजुरीचं ठरवणारा मी!

शनिवार, १४

मामानं खुरपं माझ्या पायाशी आपटलं. "बहिणीचा पोरगा म्हणून आणला, आणि यानं मलाच उपटून बाहेर टाकलं!" सगळ्यांसमोर.

मी खुरपं उचलून दाराशी ठेवलं.

मंगळवार, २४

नवीन ठिपका नाही. मॅडम हसल्या. आपल्याला हसू येत नाही. मामा खोलीत माझ्याकडे पाठ करून झोपतो. मीठ हवं असलं तर भिंतीला मागतो. मी देतो.

मंगळवार, ३१

मामीचा फोन, माझ्या मोबाइलवर. "मामाचे पैसे कमी आलेत रे. आजारी आहे का तो? खरं सांग." मामा तिथंच भिंतीकडे तोंड करून पडलेला. ऐकत होता.

म्हटलं, "नाही गं मामी, ठणठणीत आहे. या वेळी पगार दोन हप्त्यांत दिला. उरलेले मामा आज पाठवतोय."

माझ्या पगारातून अडीच हजार.