अकरा आणि चारचा तारा

डहाणू,
१९ फेब्रुवारी १९६९

तीर्थरूप मामांच्या पायांशी थोरला जावई गणू याचा डहाणूहून दंडवत.

बोर्डीला सगळे खुशाल असतीलच. मामींचा गुडघा थंडीत कुरकुरतो, तेव्हा चिकू उतरवायच्या वेळी त्यांना वाडीत उभं राहू देऊ नका. आमचं इकडे शरीर ठीक आहे, बाकी काही ठीक नाही. गेला आठवडाभर मी सुन्न आहे. चहाचा कप हातात घेतो आणि तो गार होईपर्यंत बघत बसतो. मालूला वाटतं मला उष्णता झाली, म्हणून ती सकाळ-संध्याकाळ धण्याचं पाणी पाजते. तिला खरं सांगायची हिंमत नाही, आणि तुम्हाला तर त्याहून नाही. पण या प्रकरणाचं मूळ तुमच्याच घरात आहे, म्हणून लिहिणं भाग आहे.

तुम्ही दर भेटीत विचारता की जावई नेमकं करतो काय, आणि मी दर वेळी ‘सरकारी काम’ म्हणून ताटातल्या पापलेटाकडे वळतो. आज नीट सांगतो. एखादा तारा फुटला तर आभाळातून गॅमा किरणांचा एक झोत येत असावा, असं एकदोन विद्वानांनी कागदावर मांडलं आहे. क्षणभर येतो आणि संपतो. पाहिला मात्र कुणीच नाही, कारण हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि जमिनीवर पोचायच्या आधी बहुतेक हवेतच विरतात. आमच्या मुंबईच्या साहेबांनी ते टिपणारी पेटी केली आहे. ती उन्हाळ्यात भल्यामोठ्या फुग्याला बांधून हवेच्या वर सोडायची आहे. त्याआधी जमिनीवर तिची परीक्षा घ्यायची, म्हणून एक पेटी माझ्याकडे, घरमालकीण चंद्रावतीबाईंच्या पडवीत (बाई सुकी मासळी विकतात, अंगणभर बोंबील वाळत असतात), आणि दुसरी पंधरा मैलांवर तलासरीला, तुमचे धाकटे जावई देवजी यांच्याकडे. एकाच पेटीचा काटा उडाला तर जवळपासचं काहीतरी खुपलं समजायचं. दोन्ही काटे एकदम उडाले तर ते वरून आलेलं. मग साहेबांनी दुर्बिणीवाल्यांना तार ठोकायची, की आभाळाचा अमुक तुकडा बघा, निखारा विझायच्या आत. ही परीक्षा महिनाअखेर नीट पार पडली तर पेटी वर जाणार आणि मी नोकरीत कायम होणार. नाहीतर पेटी गोदामात आणि आम्ही दोघे साडू तुमच्या वाडीत, चिकू निवडायला.

आता पेटीचा काटा कागदाच्या गुंडाळीवर रेघ ओढतो. ती गुंडाळी चावीवर फिरते, आणि चावीचं काही खरं नसतं, कधी पळते, कधी पेंगते. म्हणून रोज अकराला आणि चारला, डाव्या हाताने झाकण दाबून धरून, घड्याळात बघून कागदावर पेन्सिलीची खूण करायची, असा साहेबांचा नियम. हे काम आम्ही दोघांनी इतकं इमानाने केलं की आज त्याचीच लाज वाटते. दर रविवारी सुट्टीला देवजीराव एस.टी.ने डहाणूला येत, आणि आम्ही दोघे स्टेशनावरच्या घड्याळाशी आपापली घड्याळं जुळवत असू.

पहिल्याच सोमवारी काटा उडाला. बारीक थरथर चालली होती, ती एकदम वर चढली, दहा-बारा सेकंद वर राहिली आणि खाली आली. माझ्या हातातली पेन्सिल पडली. तलासरीचा कागद आला, तर तिथेही अगदी तेच, त्याच वेळी. मंगळवारीही तेच. जमिनीवर जे क्वचितच पोचावं ते दिवसातून दोनदा येत होतं. मी साहेबांना कळवलं. त्यांनी (गेल्याच वर्षी विलायतेत ठरावीक ठेक्यावर ठकठक करणारा तारा सापडल्यामुळे ते अशा बातमीला उतावीळ होते) दक्षिणेतल्या एका दुर्बिणीवाल्यांना तार केली, आणि त्या बिचाऱ्यांनी तीन रात्री जागून आभाळाचा तो तुकडा चाळला. मामा, हे लक्षात ठेवा. तीन रात्री.

दहाव्या दिवशी साहेब स्वतः जीप घेऊन आले. त्यांनी अंगणात बोंबलांच्या मधोमध दोन्ही गुंडाळ्या शेजारी शेजारी पसरल्या आणि मला चक्क मिठी मारली. मग ते उकिडवे बसून मिनिटं मोजू लागले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. कुठलाही तारा रोज चार मिनिटं आधी उगवतो म्हणे. नऊ दिवसांत हा छत्तीस मिनिटं अलीकडे सरकायला हवा होता. हा मात्र अकरा म्हणजे अकरा आणि चार म्हणजे चार. साहेबांनी हळूच विचारलं, रविवारी येतो का? मी कागद पाहिला. रविवारी येत नव्हता.

तेवढ्यात चंद्रावतीबाई बोंबील उलटवता उलटवता म्हणाल्या, “सायेब, तुमचा माणूस हात ठेवतो तवाच तो काटा नाचते. रोज बगतंय मी.”

साहेबांनी माझं मनगट धरलं आणि पेटीवर नेलं. काटा उडाला. बाजूला नेलं, काटा बसला. मग त्यांनी घड्याळ काढून घेतलं आणि पदराआड धरावं तसं कोटाआड धरून ते आत डोकावले. आत आकडे चमकत होते. हे तेच घड्याळ, मामा, जे तुम्ही साठ सालच्या लग्नात मला आणि देवजीरावांना एकाच मांडवात, एकसारखं, स्वतःच्या हाताने बांधलंत. (दमण तेव्हा पोर्तुगीजांकडे होतं. ती घड्याळं तिथून कशी आली हे मी कधी विचारलं नाही आणि साहेबांनाही सांगितलं नाही.) अंधारातसुद्धा वेळ दिसते, असं तुम्ही अख्ख्या वऱ्हाडाला सांगत होतात. दिसते ती आकड्यांवरच्या रेडियममुळे, आणि रेडियममधून निघतात गॅमा किरण. बरोबर अकराला दोन जावई पंधरा मैलांवरून आपापल्या पेटीवर तुमचा आहेर टेकवत होते. आम्ही एकमेकांशी इतके जुळलो नसतो तर हे पहिल्याच दिवशी उघडकीला आलं असतं.

साहेब ओरडले नाहीत, हेच जास्त लागलं. तलासरीहून देवजीरावांचंही काढून घेऊन, दोन्ही घड्याळं शिशाच्या डबीत घालून ते मुंबईला घेऊन गेले. पेट्या तपासायला उत्तम आहेत, असं म्हणाले. संस्थेची घड्याळं येतील, पण त्यासाठी आधी तीन दुकानांची दरपत्रकं मागवावी लागतात. परीक्षा नव्याने सुरू आहे आणि महिना संपायला नऊ दिवस उरलेत.

मामींना नमस्कार. शांतीला आणि मुलांना आशीर्वाद कळवा.

तुमचा,
गणू

ता. क. घड्याळ सफाईला दिलंय असं मालूला सांगितलं आहे. देवजीरावांनी शांतीलाही तेच सांगितलं आहे. दोघी बहिणी भेटल्या तर दुकान एकच निघालं पाहिजे, तेवढं सांभाळा.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते फाडून लिहितो. काल दुपारी काटा उडाला. मी पडवीच्या दुसऱ्या टोकाला होतो, दोन्ही हात रिकामे. आधी एक उंच टोक, मग दोन बुटकी. आज देवजीराव धापा टाकत आपली गुंडाळी घेऊन आले. तिच्यावरही एक उंच, दोन बुटकी. कधी, म्हणून विचारलं, तर म्हणाले दुपारची एस.टी. गेल्यावर जरा वेळाने. (ती एस.टी. कधीही जाते.) माझ्याकडे तरी काय, तर चंद्रावतीबाईंनी बोंबील उलटवले तेव्हा. साहेबांना तार केली. उलट तार आली, दोनच शब्दांची: वेळ कळवा.

तेव्हा मामा, तुमच्या ओटीवरचं लंबकाचं घड्याळ पहिल्या गाडीने पाठवा, आणि देवजीरावांसाठी मामींचं गजराचं. पाठवण्याआधी दोन्ही कोठीच्या अंधारात नेऊन बघा, चमकलं तर नको. कालचं जे गेलं ते मात्र गेलंच. तो झोत खरा असेल तर तो निघाला तेव्हा बोर्डी नव्हती, दमण नव्हतं, माणूससुद्धा नसेल. एवढी वाट चालून तो आमच्या पडवीत आला, आणि किती वाजले ते सांगायला तुमच्या दोन जावयांत मिळून एक घड्याळ नव्हतं.