सामायिक खातं

वडसा,
१२ जुलै २००९

प्रिय कैफ,

सलाम. जिथे असशील तिथे तब्येत सांभाळून असावास. अम्मीचे गुडघे दुखतात, पण हिंडूनफिरून आहे. माझं शिवणकाम बरं चाललंय. नाटकमंडळ्यांचे कपडे यंदाही माझ्याकडेच येणार, म्हणून आणखी दोन मशिनी घ्यायचं ठरवलं आणि इथल्या बँकेत कर्ज मागितलं.

अर्ज परत आला. तिथले गुणवंतराव म्हणाले, "बाई, तुमच्या नावावर एक कर्ज थकून आहे."

तुझ्या टेम्पोचंच, हे मी ओळखलं. त्यावर तुझ्याबरोबर माझीही सही आहे. अब्बांशी भांडून तू टेम्पो घेऊन गेलास, तेव्हापासून ते म्हणायचे, "पोरगा पळाला अन् कर्ज पोरीच्या माथी मारून गेला." आम्हीही तेच धरून चाललो.

मग मी माझा क्रेडिट रिपोर्ट मागवला. गुणवंतरावांनी समोर बसवून वाचायला शिकवलं. दर महिन्याचा एक चौकोन असतो. हप्ता किती दिवस थकला, तो आकडा त्यात. वेळेवर भरला तर तीन शून्यं.

कैफ, तू गेल्यानंतर दीड वर्षाहून जास्त काळ सगळी शून्यंच आहेत. टेम्पोला काम नसतं, त्या पावसाळ्यातसुद्धा.

"हा कुठून भरून राह्यला, समजन का?" मी विचारलं.

"नाई बाई. भरलं का नाई, एवढंच यात असते. माणूस कुठी आहे, थे यात नाई."

तो कागद घेऊन मी घरी आले आणि अब्बांच्या खाटेपाशी बसून राहिले. खाट रिकामी आहे. फेब्रुवारीत त्यांचा इंतकाल झाला. दम्यानं फार हाल झाले. तुझं नाव त्यांनी शेवटपर्यंत काढलं नाही, पण रस्त्यावर टेम्पो वाजला की मान तिकडे वळायची. तू हप्ते भरतोस हे त्यांना कळायला हवं होतं. कोणी सांगणारं नव्हतं.

मार्चपासून मात्र तू काहीच भरलेलं नाहीस. चौकोनांत आधी तीस, मग साठ, मग नव्वद. एक तर तुला अब्बांचं कळलं आणि मन उडालं, नाहीतर तुलाच काही झालं. पहिलंच खरं असू दे.

चामोर्शी, धानोरा, सगळीकडे विचारून झालं. तुझा पत्ता लागला नाही.

गुणवंतराव म्हणाले, "खातं सामायिक आहे. तुमी भरलं तरी चालते. मंग तुमच्या मशिनीचं बी पुढं पाहता येईन." मी त्या दिवशी पैसे घेऊनच बँकेत गेले होते.

"अन् नाई भरलं तं?"

"तं बँक त्याले हुडकन. माणूस पाठवन."

मी पैसे परत पिशवीत ठेवले. मशिनी राहू देत. मी भरले तर तुला शोधणारं कोणी उरणार नाही. टेम्पोचं कर्ज देणाऱ्या चंद्रपूरच्या शाखेत उद्या जाते आणि हे पत्र त्यांच्या वसुलीवाल्याकडे देते. तो दारात आला तर पळू नकोस. आधी हे वाच.

अम्मीला यातलं काही सांगितलेलं नाही. ती अजून तुझ्या नावाचा भात शिजवते.

तू जिवंत असावास, एवढंच मागणारी,
अंजुम आपा