शर्टाच्या खिशातलं लसीचं कार्ड

अहो,

मी मच्छरदाणी आणायला चाललेय. तुमचा शर्ट धुवायला घेतला, तर खिशात लसीचं कार्ड! भिजता भिजता वाचलं. तरीच आठवडाभर दंड चोळत उशीला बोल लावत होतात.

लेक आपल्या मनानं लग्न करून त्या बेटावर गेली म्हणून तीन वर्षं तिचं नाव काढलं नाहीत, आणि तिकडे जायची सुई मात्र गुपचूप टोचून घेतलीत. असू दे, मी काही विचारत नाही. तिच्याकडे एकटीच जाणार म्हणून मच्छरदाणी एकटीपुरती आणणार होते, आता दोघांची आणते.

हिवतापाच्या गोळ्या आजपासून सुरू. कार्ड दाखवलं, तर डॉक्टरांनी तुमच्याही दिल्यात. तुमची बशीत ठेवलीय, जेवणानंतर घ्या. 'मी येणार नाही' असं म्हणायचंच असेल, तर गोळी गिळून म्हणा.