पारस्काताईच्या जेवणाला न येण्याची कारणं

टॅमरॅक,
४ मार्च

प्रिय पारस्काताई,

नेस्टरचा नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? इथं थंडी हटायचं नाव घेत नाही, नळ दोनदा गोठला. माझी टेक्ला होती तेव्हा पत्रं ती लिहायची आणि मी फक्त खाली सही ठोकायचो, तेव्हा अक्षर जरा लावून घे. सहावीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही हे तुला ठाऊकच आहे.

तुझ्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या जेवणाचं निमंत्रण पोचलं. रोमननं चांगलं छापून घेतलंय. पण ताई, तुझ्या मुलाला साऱ्या मुलखात त्या कॅसिनोचाच हॉल सापडला? विचारलं तर म्हणतो, "मामा, म्हाताऱ्यांना निम्म्या दरात जेवण, एक पायरी चढायची नाही, गाड्या लावायला हवी तेवढी जागा." मग चर्चच्या तळघराला काय झालं? त्याचं स्वतःचं लग्न तिथंच झालं. बायकांनी दोन दिवस बसून बटाट्याचं सारण भरून पिरोह्या केल्या, दोनशे माणसं जेवली, पायऱ्या उतरून कुणी मेलं नाही.

मला तिथलं जेवण सोसत नाही. मासा तेलात बुडालेला असतो. त्यात माझा गुडघा, त्यात तीस मैल बर्फाचा रस्ता. फोनवर हे सगळं सांगितलं तर तू म्हणालीस, "रोमन घ्यायला येईल, गुडघा घरी ठेवून ये." आणि वर, "तू नाही आलास तर दीर्घायुष्याचं गाणं सुरू कोण करणार? रोमन? तो इतक्या उंच पट्टीत धरतो की दुसऱ्या ओळीला सगळे गप्प." खरं आहे. मी दोन दिवस त्याच विचारात आहे.

पण तो कॅसिनो चालवणाऱ्या कंपनीचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं. सरकारचीच कंपनी. दारू तीच विकणार, जुगार तीच चालवणार आणि आपल्याला शहाणपणही तीच शिकवणार! त्यांच्या दारूच्या दुकानात कागदी पिशव्या बंद केल्या तेव्हाची गोष्ट सांगतो. म्हणे झाडं वाचवायची. मी राय व्हिस्कीची बाटली मानेला धरून भर रस्त्यानं निघालो, तर समोरून फादर बोहदान. "काय नेस्टर, पाहुणे येणार वाटतं?" आता काय सांगू त्यांना? दुकानाच्या भिंतीवर बदकांचा एवढा मोठा फोटो, खाली लिहिलेलं, दलदलीतले पक्षी वाचवायला आम्ही हातभार लावतो. आणि कॅसिनोत संडासाच्या दाराला आतून पाटी, 'खेळ तुमच्या हातात आहे ना? मदत हवी असेल तर विचारा.' दिवे तुम्हीच लावायचे, घंटा तुम्हीच वाजवायच्या, फुकट कॉफी पाजून माणूस बसवून ठेवायचा आणि मग संडासात गाठून विचारायचं, हातात आहे ना! एक काय ते ठरवा म्हणावं.

तू म्हणशील, ह्याला संडासातली पाटी कशी ठाऊक?

माझ्या शेडमध्ये रिकाम्या बाटल्यांचा ढीग आहे असं रोमननं तुला सांगितलं. तू लगेच समजलीस, नेस्टर पितो. त्या सव्वा वर्षापूर्वीच्या बाटल्या आहेत. त्या परत करायला दुकानात जावं लागतं, दुकान त्याच कंपनीचं, आणि मला वाटायचं माझा फोटो तिथंही लावला असेल.

फोटो कसला ते आता सांगून टाकतो. कॅसिनोत एक लहानशी खोली आहे. तिथं जाऊन आपणच कागदावर सही करायची, की मला दोन वर्षं आत घेऊ नका. जेवायलासुद्धा नाही. ते फोटो काढून ठेवतात. माझी मुदत येत्या नोव्हेंबरात संपते. कुणी जबरदस्ती केली नव्हती, मीच गेलो होतो.

गेल्या मंगळवारी मी तिथं जाऊन आलो. पहारेकऱ्यानं दोन दारांच्या मधेच अडवलं. मग त्या खोलीतली मारिसेल नावाची बाई बाहेर आली.

"बहिणीचं ऐंशीचं जेवण आहे," मी म्हटलं. "दोन तासांचा प्रश्न आहे. यंत्रांकडे पाठ करून बसतो. हवं तर ह्या पहारेकऱ्याला माझ्या शेजारी बसवा, त्याचं जेवण मी देतो."

"आजोबा, नाही जमणार."

"अहो, सही माझीच ना? मग मीच सांगतोय, एक दिवस सोडा."

"तुम्हीच म्हणाला होतात, मी परत येऊन काहीबाही सांगेन, माझं ऐकू नका."

"तेव्हा बहिणीचा वाढदिवस नव्हता!" मी ओरडलोच. पहारेकरी खाली बघायला लागला.

तेव्हा काय होतं ते मारिसेलला ठाऊक आहे. तुला नाही.

टेक्लाला जाऊन वर्ष झालं त्या दिवशीची प्रार्थना. तू पहाटे उठून तीन पाव भाजलेस, गहू शिजवून आणलास. फादर पाऊण तास थांबले. मी फोन केला, गाडी सुरू होत नाही म्हणून. ताई, गाडी चांगली सुरू होती. ती कॅसिनोच्या आवारात उभी होती. सकाळी घरात खुंटीवरच्या तिच्या कोटाकडे बघवेना, वाटलं, चर्चला वेळ आहे, तासभर बसू. फोनवर मागून यंत्रांच्या घंटा ऐकू आल्या तेव्हा तू विचारलंस, कसला आवाज? मी म्हटलं, रेडिओ. दुसऱ्या दिवशी तू रोमनला पाठवलंस. उणे तीसमध्ये बोटं फुंकत त्यानं धडधाकट बॅटरी काढली, नवी बसवली आणि एक शब्द न बोलता गेला. त्याला कळलं होतं का, हे मला आजपर्यंत विचारता आलेलं नाही. त्याच आठवड्यात मी सही केली.

तेव्हा आता जेवण तरी हलवावं लागेल, नाहीतर ते माझ्याशिवाय होईल. तू ठरवशील ते मला मान्य आहे, रुसणार नाही. हलवलंस तर साठ माणसं विचारतील, का म्हणून. तिथला हीटर बिघडला वगैरे सांगू नकोस. नेस्टरला तिथं बंदी आहे आणि ती त्यानं स्वतः मागून घेतलीय, असं सरळ सांग. मी समोर उभा असलो तरी सांग.

उत्तर पत्रानंच दे. फोन केलास तर मी पुन्हा काहीतरी वेगळंच सांगेन.

तू म्हणशील तोवर तुझा धाकटा भाऊ,
नेस्टर