आगाऊ बांधलेला फेटा

सोमवार, ता. ४ नोव्हेंबर १९६३
उत्तमचं पत्र आलं, कलकत्त्याहून. आधी सुमनने वाचलं. मग मी बोट ठेवून एकटीनं वाचलं. नातवाचं अक्षर म्हणजे कोंबडीनं अंगण उकरल्यावानी. मी छप्पन साली दीक्षा घेतल्यावर अक्षरं शिकली, डोक्याचे केस पांढरे झाल्यावर. हा पाचव्या वर्षापासून शाळेत. तरी माहं अक्षर बरं.
पत्रात बाकी काही नाही, एकच. घेतला! देशाच्या फुटबॉलच्या अकरांत माह्या नातवाले घेतला. मधल्या फळीत, डाव्या हाताले. वणीच्या खाणीवर बापाजवळ होता तवा कोळशाच्या भुकटीत अनवाणी खेळायचा. पाय घासून घासून माहे हात दुखायचे, तरी पाय काळेच.
सगळ्या वस्तीत सांगून आली. दोन घरी दोनदा सांगितलं.
पुढं उ. लिहीन. त्त काढताना हात अडकते.

बुधवार, ता. ६
सुमनले म्हटलं, बाई, मले नीट समजव, लोक विचारून राह्यले. सुमन उ. ची धाकटी बहीण, बाभुळगावच्या शाळेत नववीत. मले लिहायले तिनंच शिकवलं, त्यामुळं थोडी मास्तरीणच आहे. सुपात ज्वारीचे दाणे मांडून बसली.
मोठी स्पर्धा लांबच्या देशात. जायचं सगळ्यांनाच आहे, पण जागा थोड्या. म्हणून आधी दोन दोन देशांच्या जोड्या लावतात. जोडीत जो वरचढ तो जाईन, दुसरा घरी बसंन. आपली जोडी ज्या देशाशी लागली त्याचं नाव मले लिहिता येत नाही. मी ‘ते लोक’ लिहीन.
मी म्हटलं, “मंग यात जिंकलं तं बक्षीस काय?”
“तिकडं खेळाले जाया भेटते.”
“म्हंजे खेळायचं कायले, तं खेळाले जायासाठी?”
“व्हय.”
मी हसली हसली, पोट धरून. मग चुलीपाशी बसल्यावर हसू राहिलं नाही. लहानपणी मी शाळेच्या भिंतीबाहेर उभी राहून पाढे ऐकायची. बे चा पाढा तिथलाच, अजून येते. आत जायासाठी कोणी जोडी लावली असती तं मीबी खेळली असती.
सुमन पुढंही काही सांगून राह्यली होती, “आन् आजी, हे दोनदा—” तेवढ्यात बकरीनं सुपात तोंड घातलं. दाणे गेले, सांगणंही तिथंच राहिलं.

रविवार, ता. १०
जिंकलो!! दोनाले एक.
ग्रामपंचायतीच्या रेडिओवर सगळं ऐकलं. सांगणारा माणूस इतका घाईत की त्याच्या घरी जणू आग लागली. मले फक्त उ. चं नाव कळे. नाव आलं की मी उठून उभी राहायची, गंगा शेजारीण मले खाली ओढायची. “बस ना वं, मांगच्याइले रेडिओ दिसत नाही.” रेडिओ काय दिसायची गोष्ट आहे!
खेळ संपला अन् रामजी पहिलवान उठला. कुस्तीच्या साऱ्या दंगली त्याच्याच हातानं भरतात, कोण जिंकलं तेही तोच सांगतो. हात वर करून म्हणाला, “चितपट! पोट्टा चालला परदेशी!” अन् घरून भगवा-पिवळा फेटा आणला. आपल्या गावचा रिवाज: कुस्ती मारली की गड्याले फेटा, गडी गावात नसला तं त्याच्या घरच्या वडीलधाऱ्याले. वडीलधारी मी. रामजीनं आमच्या अंगणात येऊन, सगळ्यांसमोर, माह्या डोक्याले फेटा बांधला. डफडं वाजलं. गंगा रडली. मी नाही रडली, मी नाचली. गुडघा आता बोलते आहे.
या वस्तीत आजवर फेटा आला नव्हता. दंगलीत आमचे पोरं पडले नाहीत असं नाही, पाडलेही. पण फेटा इकडं वळत नव्हता.
सुमन नेमकी मामाकडं दारव्ह्याले गेली आहे. पोट्टीनं सारी गंमत घालवली.

सोमवार, ता. ११
सुमन आली. मी फेटा घालूनच दारात उभी. वाटलं पोरगी गळ्यात पडंन. तिचा चेहरा पडला.
“आजी, हे कोणी बांधलं?”
“रामजीनं. जिंकलो ना आपण.”
“आजी, अजून अर्धं बाकी हाये.”
दोनदा खेळतात! एकदा आपल्या घरी, एकदा त्यांच्या. दोन्हीचे गोल एकत्र मोजतात. मग ठरते कोण जाईन ते. बकरीनं नेमकं तेच खाल्लं होतं.
रामजीले बोलावलं. त्याले पटेचना. “असं कसं? पाठ लागली ना जमिनीले?”
सुमन म्हणे, “मामा, इथं पाठ नाही लागत. मोजतात.”
“मोजाले काय ते कापूस हाये?” जाताना दारात थांबला. हळूच म्हणे, “मावशी, अर्ध्या कुस्तीत फेटा बांधला तं गडी पडते म्हणतात. मले माहीत असतं तं...” वाक्य तसंच सोडून गेला.
फेटा खुंटीले. बांधलेल्या आकारातच. सोडवत नाही अन् घालवतही नाही.

गुरुवार, ता. १४
उ. चं पत्र. ‘आजी, त्यांचा तो एक गोल माझ्यामुळे झाला. चेंडू माझ्या पायाला लागून फिरला. तो झाला नसता तर दोन गोलांनी पुढं असतो. तिथं त्यांचं मैदान, त्यांचे लोक. बघू.’
बघू म्हणे. इतक्या लांबून हा शब्द काय कामाचा.
सुपात पुन्हा दाणे मांडले. इकडं दोन, तिकडं एक. बकरी बांधून ठेवली.

शनिवार, ता. १६
वेचणीले गेली गंगासंगं. बोंडं छान फुटली, पण हात रिकामेच चालून राह्यले, ओटीत अर्धा पाला. गंगा म्हणे, “मरीमाईले बोल ना. नारळ, चोळी. तुहं पहिले ऐकायची ती.”
म्हटलं, “आता आमचं तिचं बोलणं नाही, सात वर्ष झाले.”
“भांडण झालं का?”
“भांडण नाही बाई. सोडलं.”
“मंग मी बोलू का तुह्यासाठी?”
हसू आलं. नको म्हटलं. पण ‘नको’ म्हणायले जरा वेळ लागला, ते इथं लिहून ठेवते. खोटं कायले लिहू, माहीच वही आहे. मागायची सवय हातातून लवकर जात नाही. शेताच्या धुऱ्यावर बसली तं हात आपोआप जोडल्या गेलते. पाहिलं, अन् सोडले. उ. ले आपल्याच पायानं खेळू दे.

मंगळवार, ता. १९
तिकडचा खेळ रेडिओवर लागला नाही. फक्त संध्याकाळच्या बातम्यांत एक ओळ. त्या ओळीसाठी पाऊण गाव पंचायतीसमोर. बातम्यावाल्यानं आधी दिल्लीचं सांगितलं, मग धरणाचं, मग कोणी पाहुणा आला त्याचं. रामजी ओरडला, “अबे, पोट्ट्याचं सांग ना!” मग ती ओळ आली. हरलो. एक गोल, त्यांचा. आपला एकही नाही.
कोणी माह्याकडं पाहिलं नाही, ते लागलं.
घरी येऊन सुपात तिकडं एक दाणा टाकला. दोन अन् दोन. पुन्हा मोजले. दोन अन् दोन.

बुधवार, ता. २०
सुमन शाळेत मास्तरले विचारून आली. बरोबरीत सुटलं तं तिसऱ्यांदा खेळायचं. पण आपल्या घरी नाही, त्यांच्याही घरी नाही. तिसऱ्याच देशात, जिथं दोघेही पाहुणे. एकच खेळ, त्यात काय ते. तोही बरोबरीत सुटला तं चिठ्ठी काढतात म्हणे.
चिठ्ठी! एवढे पाय झिजवून शेवटी चिठ्ठी! मी मास्तरवर चिडली, तो बिचारा काय करंन.
दुपारी फेटा खुंटीवरून काढला अन् रामजीकडं गेली. म्हटलं, “घे बाप्पा. आगाऊ झाला. जिंकला तं पुन्हा बांधजो.”
“मावशी, मले शरम नको देऊ. दिला तो दिला.”
“मी परत नाही करत. आकार मोडून ठेवते, एवढंच.”
त्यानं हात मागं घेतले. “मी नाही सोडत. माह्या हातानं बांधला तो माह्या हातानं सुटला तं लोक म्हणतील, बुद्धवस्तीतला फेटा रामजीनं उतरवला.”
तेही खरं. मी तिथंच बसली, स्वतःच सोडला. रामजी भिंतीकडं पाहत होता. घडी घालायले दोन माणसं लागतात, पण मी एकटीनंच घातली, वाकडी.

सोमवार, ता. २५
उ. ची तार. सुखरूप, गुरुवारी खेळ. पुन्हा घेतला आहे अकरांत! गोल पायाले लागला तरी घेतला. सुमनले उचलून फिरवावं वाटलं, ती माह्यापेक्षा वजनदार. दोघी नुसत्याच हसल्या. मग रात्रीचं पिठलं करपलं.

गुरुवार, ता. २८
वेचणीले नाही गेली. सकाळपासून तीनदा अंगण झाडलं. गंगा म्हणे, “आता मातीबी निघून जाईन.” रेडिओची ब्याटरी नवी टाकली आहे.
बातम्यांले अजून वेळ आहे. वही घेऊनच पंचायतीसमोर बसली, हाताले काम पाहिजे. फेटा मांडीवर. लोकांनी पाहिला, कोणी विचारलं नाही. रामजी आला. लांब बसंन वाटलं तं माह्याजवळच टेकला. घडी पाहून म्हणे, “असा ठेवतात का फेटा? कडा मुडपली सारी.”
“एकटीनं यापेक्षा नीट येत नाही.”
त्यानं एक टोक धरलं, मी दुसरं. सगळा उलगडला. दोघांच्या मधात ताणून धरला, माणसं वाकून पाहून राह्यले. आता घडी घालायची की बांधायसाठी पीळ भरायचा ते त्यानंही विचारलं नाही अन् मीही.
बातम्या लागल्या. दिल्लीचं झालं. सुमन म्हणते आजी, लिहू नको, ऐक. धरणाचं सुरू